४८६, सीरियल प्रिंटर आणि केबलचा घोळ: वायरिंग तपासायला मदत हवी

फ्लॉपीप्रेमी
नमस्कार मंडळी. एक जुनं ४८६ मशीन आहे, डॉस ६.२२ वर व्यवस्थित चालतंय, त्याला एक सीरियलवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायचाय. प्रिंटरची सेल्फ टेस्ट एकदम झकास येते, डोकं, रिबन, सगळं ठणठणीत. डिप स्विच ९६००, ८ बिट, नो पॅरिटीवर आहेत. मशीनच्या मागे नऊ पिनांचा मेल कनेक्टर, प्रिंटरला पंचवीसचा फिमेल. प्रिंटरबरोबर जी केबल आली ती मीटरने तपासली, तीनच तारा आहेत: २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७. फाइल कॉम१ वर कॉपी करायला गेलो की थोडा वेळ नुसतं थांबतं आणि मग "राइट फॉल्ट एरर रायटिंग डिव्हाइस कॉम१", खाली अबॉर्ट, रिट्राय वगैरे. २ ला २ म्हणजे केबल सरळ आहे असं धरून मध्ये नल मोडेम अडॅप्टर (बोलायची आणि ऐकायची तार आपसात बदलणारा) लावून बघितला, तरी तेच. पोर्टच गेलाय का? मशीन फार जपून ठेवलंय, उगाच बोर्डावर सोल्डरिंग सुरू करायचं नाहीये.

अर्धबिट
बायॉसमध्ये पोर्ट डिसेबल नाहीये ना ते आधी बघा. कॉम१ म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) ४, कॉम२ म्हणजे २एफ८ आणि आयआरक्यू ३. मोडेम कार्ड वगैरे त्याच पत्त्यावर बसलं असेल तर भांडण लागतं.

फ्लॉपीप्रेमी
बघितलं. दुसरं कुठलंही कार्ड नाही. बूट होताना ३एफ८ आणि २एफ८ दोन्ही दिसतात, एमएसडी (मायक्रोसॉफ्टचा तपासणीचा प्रोग्राम) कॉम१ ला १६५५०एएफ चिप दाखवतं.

तारजोड
म्हणजे यूएआर्ट (सीरियल पोर्टची मुख्य चिप) जिवंत आहे, सॉफ्टवेअरला ती दिसतेय. आता पुढचं.

पहिली गोष्ट, तो नल मोडेम अडॅप्टर काढा. नऊ-पंचवीसच्या केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ म्हणजे सरळ नव्हे, ती उलटी केबल आहे! इथे भलेभले फसतात. पंचवीस पिनांवर २ म्हणजे टीएक्सडी (बोलायची पिन), ३ म्हणजे आरएक्सडी (ऐकायची पिन). १९८४ मध्ये आयबीएमने एटीवर नऊ पिनांचा कनेक्टर आणला त्यात हे दोन नंबर अदलाबदल झाले, २ झाला आरएक्सडी आणि ३ झाला टीएक्सडी. त्यामुळे नऊची ३ ते पंचवीसची ३ जोडली की पीसीचं बोलणं प्रिंटरच्या कानात जातं, म्हणजे नल मोडेमच. मोडेमसाठीची सरळ केबल २-३, ३-२ अशी दिसते. तुमचा प्रिंटर डीटीई, म्हणजे पीसीसारख्याच वायरिंगचा, असेल (बहुतेक सीरियल प्रिंटर असतातच) तर तुमची मूळची केबल बरोबर होती आणि अडॅप्टर घालून ती परत सरळ झाली. दोनदा उलटं केलं की सुलटंच होणार.

दुसरं, केबल पूर्ण काढून ठेवा आणि फक्त मशीनची लूपबॅक टेस्ट करा. नऊ पिनांवर २ आणि ३ एका छोट्या तारेने जोडा, कुठलाही टर्मिनल प्रोग्राम उघडा, फ्लो कंट्रोल बंद, लोकल एको बंद (हे विसरू नका, नाहीतर स्वतःचाच एको बघून खूश व्हाल), आणि टाइप करा. अक्षर परत दिसलं तर मशीन ठीक.

आणि मशीनच्या मागचा पंचवीस पिनांचा फिमेल सॉकेट हा पॅरलल पोर्ट असतो, सीरियल नव्हे. त्यात चुकून सीरियल केबल खुपसू नका, तिथली चिप ५ व्होल्टची असते आणि सीरियलवाला तिच्यावर उणे बारा सोडतो.

फ्लॉपीप्रेमी
अडॅप्टर काढला. लूपबॅक केली, काहीही परत येत नाही. तार नीट बसलीये का ते मीटरने पण बघितलं, बसलीये. म्हणजे लाइन ड्रायव्हरची चिप उडाली असं समजायचं का? चिप बदलायला घेऊ?

ओमचा_नियम
थांबा थांबा, चिपला हात लावू नका. मीटर आहे ना हातात, मग अंदाजाने कशाला चालायचं.

आरएस-२३२ मध्ये (म्हणजे या सीरियल पोर्टच्या मानकात) टीएक्सडी लाइन रिकामी बसलेली असताना निगेटिव्ह असते. डेटा लाइनवर १ म्हणजे उणे ३ ते उणे १५, शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५, मधल्या पट्ट्याला काही अर्थ नाही. त्यामुळे कुठल्याही अनोळखी सीरियल उपकरणाचं आउटपुट ओळखायची सगळ्यात सोपी पद्धत अशी: केबल काढायची, उपकरण चालू करायचं, मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॉडीला, लाल प्रोब एकेका पिनेवर. २ आणि ३ पैकी जी उणे पाच ते उणे बारा दाखवेल ती त्या उपकरणाची बोलायची पिन. दुसरी शून्याजवळ राहील, कारण ती ऐकायची आहे आणि तिच्या आत ३ ते ७ किलो-ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जातो. हे एकदा अंगवळणी पडलं की कनेक्टर मेल की फिमेल, लेबलवर मोडेम लिहिलंय की टर्मिनल, यातल्या कशावरही विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

नऊच्या नऊ पिनांचं रीडिंग टाका इथे. एकदा टर्मिनल प्रोग्राम बंद असताना, एकदा चालू असताना. प्रोब घसरून दोन पिना शॉर्ट होणार नाहीत एवढं बघा.

फ्लॉपीप्रेमी
हे घ्या. काळी प्रोब कॅबिनेटच्या बिनरंगाच्या स्क्रूला.
प्रोग्राम बंद असताना २ वर उणे ११.२, ४ वर उणे ११, ७ वर उणे ११, बाकी सगळ्या शून्य किंवा शून्याच्या जवळपास. प्रोग्राम उघडला की ४ आणि ७ अधिक ११ होतात, २ तशीच उणे ११.
चिप जिवंत दिसतेय की!

निळी_शाई
चिप नुसती जिवंत नाही, अगदी ठणठणीत आहे. पण २ वर उणे ११? पीसीच्या नऊ पिनांवर २ म्हणजे आरएक्सडी, ती ऐकायची पिन. आउटपुट ३ वर दिसायला हवं. इथे काहीतरी गडबड आहे आणि मला वाटतं ती केबलमध्येही नाही आणि चिपमध्येही नाही.

मशीन बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, मग ओहम रेंजवर पिन ५ ते बॉडी आणि पिन ३ ते बॉडी मोजा. आणि सांगा, हा नऊ पिनांचा कनेक्टर बोर्डावरच सोल्डर केलेला आहे की मागच्या पट्टीवर असून आतून रिबन केबलने बोर्डाला लागतो?

फ्लॉपीप्रेमी
रिबन केबलच आहे, बोर्डावर दहा पिनांचा हेडर. मशीन हातात आलं तेव्हापासून अशीच जोडलेली.
पिन ३ ते बॉडी चक्क बीप! पिन ५ ते बॉडी साडेचार किलो-ओहमच्या आसपास. हे उलटं नाही का? ५ म्हणजे ग्राउंड ना?

निळी_शाई
सापडलं. तुमची पट्टी या बोर्डाची नाही.

दहा पिनांचा सीरियल हेडर दोन प्रकारे वायर केलेला असायचा आणि दोन्ही प्रकार दिसायला हुबेहूब सारखे. एका प्रकारात हेडरची पिन १ म्हणजे कनेक्टरची १, हेडरची २ म्हणजे कनेक्टरची २, असं नंबराला नंबर. दुसऱ्या प्रकारात रिबन केबलवर दोन्ही टोकांना दाबून बसवायचे कनेक्टर असतात, सोल्डर नाही काही नाही. दाबून बसवलेल्या केबलमध्ये तारांचा क्रम वरच्या-खालच्या रांगेत आलटून पालटून जातो, म्हणून हेडरची १ जाते कनेक्टरच्या १ ला, हेडरची २ जाते ६ ला, ३ जाते २ ला, ४ जाते ७ ला, ५ जाते ३ ला, ६ जाते ८ ला, ७ जाते ४ ला, ८ जाते ९ ला आणि ९ जाते ५ ला.

तुमचा बोर्ड पहिल्या प्रकारचा आणि पट्टी दुसऱ्या प्रकारची असं धरा आणि तुमचीच रीडिंग लावून बघा. बोर्डाचा टीएक्सडी हेडरच्या ३ वर, तो बाहेर आला २ वर: तिथे उणे ११. बोर्डाचं ग्राउंड हेडरच्या ५ वर, ते बाहेर आलं ३ वर: तिथे बीप. बाहेरच्या ५ वर आली हेडरची ९, म्हणजे रिंग इंडिकेटर, ती इनपुट आहे म्हणून साडेचार किलो-ओहम. डीटीआर (पीसी तयार आहे) आणि आरटीएस (पाठवू का) ४ आणि ७ वरच दिसतायत पण आपसात जागा बदलून, म्हणून तिथे शंका आली नाही. आणि लूपबॅकमध्ये २ आणि ३ जोडल्या म्हणजे तुम्ही टीएक्सडी सरळ ग्राउंडला शॉर्ट केलात! या ड्रायव्हर चिप ग्राउंडला शॉर्ट सहन करतात, करंट आतूनच मर्यादित असतो, त्यामुळे काही बिघडलेलं नाही.

तारजोड
निळीताई, क्या बात है. मी केबलवरच अडकून बसलो होतो. एकेक रीडिंग जागेवर बसतंय.

ओमचा_नियम
+१. साडेचार किलो-ओहमचा आकडा लिहिला म्हणून कळलं. "ग्राउंड लागत नाहीये" एवढंच लिहिलं असतं तर अजून चार दिवस चिपच्या मागे लागलो असतो. मदत मागताना आकडे टाकत जा रे सगळ्यांनी.

फ्लॉपीप्रेमी
पट्टी काढली. दाबून बसवलेलीच आहे, दोन्ही टोकांना सोल्डर नाही. नऊ पिनांचा कनेक्टर कापून टाकला आणि सोल्डरचा नवीन लावला, हेडरच्या नंबराप्रमाणे एकेक तार. रिबनची लाल कड म्हणजे १ धरून सगळ्या तारा कंटिन्युटीने दोनदा तपासल्या, शेजारच्या दोन पिनांत बीप येत नाही ना तेही बघितलं. मशीन चालू केलं, ३ वर उणे ११, ५ बॉडीला बीप, आणि लूपबॅक मध्ये अक्षरं परत येतायत!! खरंच खूप आभार.

पण प्रिंटर जोडून कॉपी केलं तर अजूनही तोच राइट फॉल्ट. टर्मिनल प्रोग्राममधून टाइप केलेलं मात्र प्रिंटर छापतोय. हे कसं काय?

तारजोड
हे माझ्या प्रांतातलं. टर्मिनल प्रोग्राम यूएआर्टशी थेट बोलतो आणि फ्लो कंट्रोल बंद असेल तर बाकीच्या लाइनींकडे ढुंकून बघत नाही, म्हणून तीन तारांवर भागतं. डॉसचं कॉपी जातं बायॉसच्या इंटरप्ट १४ मधून, आणि बायॉस प्रत्येक अक्षर पाठवायच्या आधी डीटीआर आणि आरटीएस वर करून डीएसआर (समोरचा तयार आहे) आणि सीटीएस (पाठव) दोन्ही वर यायची वाट बघतो. तुमच्या केबलमध्ये त्या दोन तारा नाहीतच, मग त्या वर येणार कुठून, वाट बघून बघून टाइमआउट होतो आणि डॉस राइट फॉल्ट म्हणून मोकळा.

तात्पुरता उपाय म्हणजे पीसीच्या बाजूच्या हूडमध्ये ४, ६ आणि १ एकत्र जोडायच्या, ७ आणि ८ एकत्र. पीसी स्वतःच स्वतःला "मी तयार आहे" सांगतो. पण हे खोटं आहे हे लक्षात ठेवा. प्रिंटरची बफर भरली तरी पीसी ओततच राहणार.

असंच एक डॉस ६ मधलं उदाहरण सांगतो. इंटरलिंक (दोन मशीन केबलने जोडायचा प्रोग्राम) तीन तारांवर चालतं, पण समोरच्या मशीनवर फाइली नसताना त्याच केबलवरून त्या पाठवायचा जो त्याच्या जोडीच्या इंटरएसव्हीआर प्रोग्रामचा आरकॉपी पर्याय आहे त्याला सात तारांची नल मोडेम केबल लागतेच, कारण तो समोरच्या मशीनवर मोड (पोर्टची सेटिंग करणारी कमांड) आणि सीटीटीवाय (डॉसचा ताबा सीरियल पोर्टकडे देणारी) वापरायला लावतो, म्हणजे परत डॉसचाच रस्ता. तीन तारांची केबल "चालते" असं कोणी सांगितलं की कशाबरोबर चालते ते विचारावं.

फ्लॉपीप्रेमी
जंपर टाकले, कॉपी चाललं! पहिली काही पानं सुरेख. मोठी फाइल दिली तर मधल्या ओळी गायब, कुठे अर्धं वाक्य दुसऱ्याच परिच्छेदाला चिकटलेलं. तुम्ही म्हणालात तेच झालं.

तारजोड
आता प्रिंटरची बिझी लाइन शोधायची. बऱ्याच प्रिंटरांत ती २० वर म्हणजे डीटीआरवर असते, काहींत ११ वर, काहींत १९ वरही बघितलीये. मॅन्युअल नसेल तर ओमरावांचीच पद्धत. केबल काढा, प्रिंटर चालू, काळी प्रोब ७ वर, लाल प्रोब या तिन्हींवर पाळीपाळीने, आणि ऑनलाइनचं बटण दाबत रहा. ऑनलाइन असताना अधिक आणि ऑफलाइन केल्यावर उणे होणारी पिन तुमच्या कामाची. जी कायम अधिकच राहते ती फक्त "वीज चालू आहे" एवढंच सांगते, तिचा उपयोग नाही.

पिन सापडली की मघाचे जंपर काढायचे आणि ती तार पीसीच्या ६ आणि ८ दोन्हींना द्यायची. बायॉस दोन्ही बघतो, म्हणून एकीला देऊन भागत नाही.

आणि मोड कमांडच्या शेवटी पी लावा: मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी. पी नसेल तर प्रिंटर पानभर छापत बसला की तेवढ्यात टाइमआउट होऊन परत राइट फॉल्ट येईल. पी असला की डॉस सोडून देत नाही, परत परत प्रयत्न करतं. जुने प्रोग्राम फक्त एलपीटी१ ओळखत असतील तर पुढे मोड एलपीटी१:=कॉम१ एवढं द्या.

अर्धबिट
धागा हायजॅक करत नाही, पण याच्याशी संबंधितच आहे. माझ्याकडे एका जुन्या डेटा लॉगरमधून पीसीवर मजकूर येतो, पण अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी रेघा, ग्रीक अक्षरं असलं काहीतरी. वायरिंग बिघडलं असेल का? ग्राउंड सैल?

निळी_शाई
कॅपिटल ए, बी, डी, जी नीट येतात आणि सी, ई, एफ बिघडतात, असं आहे का? आकड्यांत ०, ३, ५, ६, ९ बरोबर आणि १, २, ४, ७, ८ चुकीचे?

अर्धबिट
अगदी अस्संच! कसं ओळखलंत?

निळी_शाई
लॉगर ७ बिट ईव्हन पॅरिटीवर आहे आणि तुम्ही ८ बिट नो पॅरिटीवर. ए चा कोड ४१ हेक्स, त्यात १ दोनदा, सम आहे, म्हणून पॅरिटी बिट (१ ची संख्या सम करणारा जादा बिट) शून्य आणि अक्षर जसंच्या तसं. सी चा ४३ हेक्स, त्यात १ तीनदा, म्हणून पॅरिटी बिट १ लागतो, तुमचा प्रोग्राम त्यालाच आठवा डेटा बिट समजतो आणि ४३ चं सी३ होतं, डॉसच्या पडद्यावर चौकटीची रेघ. वायरिंगला दोष देऊ नका, सेटिंग ७, ईव्हन, १ करा. बॉड रेट चुकला असता तर जवळपास सगळंच बिघडलं असतं आणि अक्षरांची संख्याही जुळली नसती.

अर्धबिट
झालं! एका मिनिटात. वाचनखूण साठवली.

करडा_पडदा
माझाही एक प्रश्न. जुन्या मॅकचा आठ पिनांचा गोल पोर्ट पीसीच्या नऊ पिनांना जोडता येतो का? तो आरएस-४२२ आहे असं वाचलं.

ओमचा_नियम
येतो, छोट्या अंतरावर काही अडचण नाही. आरएस-४२२ मध्ये प्रत्येक सिग्नलच्या दोन तारा असतात. मॅकच्या ३ वर टीएक्सडी मायनस, ती पीसीच्या २ ला. मॅकच्या ५ वर आरएक्सडी मायनस, तिला पीसीची ३. मॅकची ४ ग्राउंड, पीसीची ५. आणि मॅकची ८, म्हणजे आरएक्सडी प्लस, मॅकच्याच ग्राउंडला बांधा. ६ वर टीएक्सडी प्लस आहे, ती मात्र मोकळी सोडा, ती आउटपुट आहे, ग्राउंडला बांधायची नाही. हे उलटसुलट केलेल्या केबली बघितल्यात म्हणून मुद्दाम सांगतोय.

करडा_पडदा
धन्यवाद. आणि यूएसबीवाल्या छोट्या बोर्डाने करू का? त्यावर टीएक्स, आरएक्स लिहिलेलंय.

ओमचा_नियम
आधी मोजा. टीएक्सवर रिकामं असताना अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसलं तर तो टीटीएल लेव्हलचा (फक्त शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्टवाला) आहे, आरएस-२३२ चा नाही, जुन्या मशीनला थेट लावला तर बोर्ड जळू शकतो. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप हवी, जी ५ व्होल्टवरच चालून कपॅसिटरच्या मदतीने अधिक-उणे दोन्ही व्होल्टेज तयार करते आणि सिग्नल उलटाही करते. उणे पाच किंवा त्याखाली दिसलं तर खुशाल जोडा. अजून एक, यूएसबी अडॅप्टर वापरताना जमेल तिथे आरटीएस-सीटीएस वापरा. एक्सऑन-एक्सऑफवर (चालू कर, थांब अशी खास अक्षरं पाठवायची पद्धत) काही अडॅप्टर एक्सऑफ आल्यानंतरही पोटातलं उरलेलं पाठवत राहतात आणि समोरच्या जुन्या उपकरणाची छोटी बफर तेवढ्यात वाहते.

फ्लॉपीप्रेमी
माझ्या प्रिंटरवर २० कायम अधिक ९ आहे, ऑनलाइन-ऑफलाइन केलं तरी हलत नाही. ११ मात्र ऑनलाइनला अधिक ९ आणि ऑफलाइनला उणे ९! १९ वर काहीच नाही. जंपर काढले, ११ ची तार पीसीच्या ६ आणि ८ ला दिली. मोडमध्ये पी. मोठी फाइल पूर्ण छापली, मध्ये मुद्दाम ऑफलाइन करून चहा पिऊन आलो, परत ऑनलाइन केलं तर पुढच्या अक्षरापासून सुरू, एक ओळ गेली नाही.

पुढच्या कोणाला लागलं तर शेवटचं वायरिंग, डावीकडे पीसीची नऊ, उजवीकडे प्रिंटरची पंचवीस: ३ ते ३, २ ते २, ५ ते ७, ६ आणि ८ एकत्र करून ११ ला. पीसीची १, ४, ७ आणि ९ मोकळ्या.

तारजोड
मस्त. केबल लावताना-काढताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर पॉवर सप्लायच्या (एसएमपीएस) फिल्टरमुळे बॉडीवर बरंच व्होल्टेज तरंगत असतं आणि या कनेक्टरमध्ये ग्राउंडची पिन आधी टेकेल असं काही नसतं, पहिला झटका सिग्नलच्या पिनेला बसू शकतो. ड्रायव्हर चिप मेलेल्या बघितल्यात त्यातल्या कितीतरी अशाच गेलेल्या.

फ्लॉपीप्रेमी
हे माहीत नव्हतं, लक्षात ठेवतो. शेवटचा प्रश्न, प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवायचाय, केबल किती लांब चालेल?

ओमचा_नियम
जुन्या मानकात साधारण १५ मीटर लिहिलंय, नंतरच्या आवृत्त्यांत लांबीऐवजी केबलची एकूण कपॅसिटन्स २५०० पिकोफॅरॅडपर्यंत असं आलं. म्हणजे कमी कपॅसिटन्सची केबल घेतली तर अजून लांब जाता येतं, आणि ९६०० वर अडखळलं तर मोड आणि डिप स्विच दोन्हीकडे २४०० करा, डॉट मॅट्रिक्सला तेवढा वेगही बऱ्याचदा पुरतो. शील्डवाली घ्या आणि शील्ड फक्त पीसीच्या बाजूला कनेक्टरच्या बॉडीला जोडा, ५ नंबरच्या ग्राउंडला नाही.